पंपांना पावसाळी बंदी नसते

दारव्हा तालुक्यात औष्णिक वीजकेंद्र नाही आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. तरीही वीजकेंद्रे यंत्रे थंड करण्यासाठी जे पाणी ओढतात, त्या पाण्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या माशांच्या पिलांचा प्रश्न दारव्ह्यात बसून विचारण्याजोगा आहे, कारण हा तालुका त्या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना उभा आहे. इथल्या कपाशी-तुरीला, हरभऱ्याला पाणी देणारा कृषिपंप ज्या विजेवर चालतो, तिच्यातला मोठा वाटा कोळशाच्या केंद्रांचा असतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा, नांदगावपेठ ही नावे विदर्भाच्याच नकाशावरची आहेत आणि आपल्या जिल्ह्याच्या वणी भागात तर त्यांच्यासारख्या भट्ट्यांसाठी कोळशाच्या खाणी खोदलेल्या आहेत. हे झाले एक टोक. दुसरे टोक पाण्याचे. तालुक्यातून वाहणारी अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा घुग्गुसच्या बाजूला वर्धेत उतरते आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राला पाणी पाजणारी इरईदेखील पुढे वर्धेतच जाते. म्हणजे अडाणचा मासा आणि इरईचा मासा एकाच नदीकुळातले. वीज घेताना आपण त्या कुळाकडून काय घेतो, याचा हिशेब कुठल्याच बिलावर येत नाही. तो यावा, आणि मच्छीमाराला जो नियम लागू आहे तोच वीजकेंद्राच्या पंपालाही लागू व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

आधी यंत्राचे काम पाहू. कोळसा जाळून असो की अणू फोडून, बहुतेक मोठी केंद्रे पाण्याची वाफ करतात, त्या वाफेवर चक्र फिरवतात आणि मग त्या वाफेचे पुन्हा पाणी करतात. हे शेवटचे काम कंडेन्सरमध्ये होते. हजारो बारीक नळ्यांतून गार पाणी धावते आणि बाहेरून वाफ त्यांच्यावर थंड होते. हे गार पाणी मिळवण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिल्या रीतीत नदीचे किंवा समुद्राचे पाणी एका तोंडाने ओढतात, नळ्यांतून एकदाच फिरवतात आणि गरम झालेले पाणी दुसऱ्या तोंडाने सोडून देतात. दुसऱ्या रीतीत तेच पाणी उंच शीतक मनोऱ्यांत गार करून पुन्हापुन्हा वापरतात, आणि जेवढे वाफ होऊन उडते किंवा क्षार वाढल्यामुळे सोडून द्यावे लागते, तेवढेच नवे घेतात. कोळशाच्या केंद्रात पहिल्या रीतीने एक मेगावॉट-तास, म्हणजे आपल्या बिलावरचे एक हजार युनिट, तयार करायला साधारण सव्वा ते दीड लाख लिटर पाणी ओढावे लागते. मनोऱ्यांच्या रीतीत तेच काम साडेतीन-चार हजार लिटरांत होते. पुढची जवळजवळ सगळी चर्चा या फरकाभोवती फिरते.

पाणी ओढणाऱ्या तोंडाशी जाळ्या असतात, पण त्या माशांसाठी नसतात. पाला, काटक्या, प्लास्टिक आत जाऊन नळ्या तुंबू नयेत म्हणून त्या बसवलेल्या असतात. फिरत्या जाळीचे छिद्र बहुधा सेंटिमीटरच्या आसपास असते. रोहूचे अंड्यातून नुकते बाहेर आलेले पिलू, ज्याला जिरे म्हणतात, पाच मिलिमीटरचे. त्याला त्या जाळीत अडथळाच नाही. ते पाण्याबरोबर सरळ आत जाते, पंपाच्या पात्यांतून, दाबातून, क्लोरीन सोडलेल्या आणि काही सेकंदांत आठ-दहा अंशांनी तापणाऱ्या पाण्यातून जाते. बोटभर लांबीची बोटुकली छिद्रातून जात नाही, पण प्रवाहाचा ओढा तिच्या पोहण्याच्या बळापेक्षा जास्त असला तर ती जाळीलाच चिकटून राहते आणि गुदमरते. म्हणजे लहान आत मरते आणि त्याहून जरा मोठे दाराशी. पहिल्या रीतीत आत गेलेल्यांपैकी काही जीव पलीकडे जिवंत निघतात. मनोऱ्यांच्या रीतीत ती आशा नाही, कारण ते पाणी आधी तुरटीने निवळवले जाते, त्यात औषधे पडतात आणि ते कित्येक फेऱ्या आतच फिरत राहते. आत शिरलेले जिरे तिथून परत येत नाही. मात्र पाणीच फार कमी आत जाते म्हणून मेलेल्यांचा एकूण आकडा खाली येतो.

हा तोटा जगात पहिल्यांदा मोठ्या वादाचा विषय झाला तो अमेरिकेतल्या हडसन नदीवर. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका वीज कंपनीने स्टॉर्म किंग डोंगराशी नदीचे पाणी वर चढवून वीज करण्याचा प्रकल्प आखला, तेव्हा त्याच पट्ट्यात स्ट्राइप्ड बास हा मासा अंडी घालतो ही गोष्ट पुढे आली. मग इंडियन पॉइंट आणि नदीकाठच्या इतर केंद्रांकडे बोट वळले. वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेऊन अंडी आणि पिल्ले मोजली गेली. १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यात पाणी ओढण्याच्या रचनेवर स्वतंत्र कलम आले. १९८०च्या अखेरीस हडसनवर तडजोड झाली, तिच्यात विणीच्या हंगामात केंद्रे काही काळ बंद ठेवण्याचेही ठरले. कंपन्यांचा तज्ज्ञ म्हणे की नदीत पिल्ले कमी झाली तर उरलेल्यांना खाणे जास्त मिळते आणि तोटा भरून निघतो. विरोधी तज्ज्ञ म्हणे की ही भरपाई गृहीत धरता येत नाही, ती दाखवावी लागते. तो वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही. पण त्यातून एक गोष्ट रुजली, मोजल्याशिवाय बोलायचे नाही. २०१४च्या अमेरिकी नियमात जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे पंधरा सेंटिमीटर, इतका राखणे हा एक मान्य मार्ग आहे. रोज साडेबारा कोटी गॅलन, म्हणजे सुमारे सत्तेचाळीस कोटी लिटर, याहून जास्त पाणी ओढणाऱ्या केंद्राला आत जाणाऱ्या जिवांचा अभ्यास सादर करावा लागतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. पण ते वेगळ्याच गोष्टींकडे पाहतात. १९९८च्या अखेरीस निघालेल्या केंद्रीय अधिसूचनेने १ जून १९९९ नंतर सुरू होणाऱ्या, नदी-तलावांवरच्या केंद्रांना शीतक मनोरे सक्तीचे केले. किनाऱ्यावरच्या नव्या केंद्रांना सोडलेल्या पाण्याचे तापमान समुद्राच्या पाण्यापेक्षा सात अंशांहून जास्त वाढू देऊ नये, एवढी अट घातली. डिसेंबर २०१५मध्ये आणखी एक पाऊल पडले. पाणी एकदाच फिरवून सोडणाऱ्या सगळ्या केंद्रांनी मनोरे बांधावेत आणि दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटरांहून जास्त पाणी खर्च करू नये, असा नियम आला. २०१८च्या दुरुस्तीत समुद्राचे पाणी वापरणारी औष्णिक केंद्रे त्यातून वगळली गेली. हे नियम पुन्हा वाचून पाहिले तर त्यांत पाण्याची उष्णता आहे, पाण्याचे प्रमाण आहे. पाणी ओढणाऱ्या तोंडाशी वेग किती असावा, जाळी किती बारीक असावी, कुठल्या महिन्यांत काळजी घ्यावी, आत किती जीव गेले हे कोणी मोजावे, यातले काही नाही. नदीकाठच्या केंद्रांत माशांची पिल्ले काही अंशी वाचतात, ती पाणी वाचवण्याच्या धोरणाचा जोडलाभ म्हणून. त्यांच्यासाठी कोणी काही ठरवले म्हणून नव्हे. समुद्रावर तर तो जोडलाभही नाही.

आता आकडे मांडू. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. ते पूर्ण भाराने चालले आणि साडेतीन घनमीटरांची मर्यादा तंतोतंत पाळली, तर त्याला दिवसाला सुमारे साडेचोवीस कोटी लिटर पाणी लागेल. हेच केंद्र मनोऱ्यांशिवाय असते, तर त्याला दिवसाला नऊशे कोटी लिटरांच्या आसपास ओढावे लागले असते, आणि तेवढे वाहते पाणी इरईत पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर नसतेच. म्हणून चंद्रपूरच्या बाबतीत मी कांगावा करणार नाही. अमेरिकी नियमानेही या केंद्राला तो मोठा अभ्यास करावा लागला नसता. आता किनाऱ्याकडे पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाची नियोजित क्षमता ९,९०० मेगावॉट, म्हणजे चंद्रपूरच्या साडेतीन पटही नाही. त्यातून रोज समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा जो आकडा त्या प्रकल्पाच्या वादात सतत मांडला गेला, तो आहे ५,२०० कोटी लिटर. चंद्रपूरच्या दोनशे पटींहून जास्त. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्र सरकारने पस्तीस अटी घालून त्याला पर्यावरण मंजुरी दिली. साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी त्या प्रकल्पाविरुद्ध जे आंदोलन केले, त्याच्या बातम्यांत गरम पाणी पुष्कळदा आले. पण जे गरम होऊन बाहेर येते ते आधी गार असताना आत ओढले जाते, आणि त्या ओढण्यात काय जाते, हा प्रश्न मागे राहिला. मला तो गरम पाण्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा वाटतो. गरम पाण्याच्या झोतापासून मोठा मासा बाजूला सरकू शकतो. दोन-चार मिलिमीटरचे पिलू पंपाच्या ओढीपासून सरकू शकत नाही.

किनाऱ्यावर प्रत्यक्षात चालू असलेले उदाहरण तारापूरचे. १९६९पासून तिथे समुद्राच्या पाण्यावर अणुवीज तयार होते. २००५-०६मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या तिथे सुरू झाल्या, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्याच पालघर जिल्ह्यात, थोड्या अंतरावर सातपाटी आहे, पापलेटसाठी नावाजलेले बंदर. २०२३मध्ये राज्याने पापलेट हा राज्यमासा म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून त्याहून लहान मासे पकडण्याला आणि विकण्याला बंदी घातली. पापलेटसाठी हा आकार १३५ मिलिमीटर. हा निर्णय चांगलाच आहे, आणि सातपाटीच्या कोळ्यांनी पिल्ले पकडू नका हे सरकारच्या आधी सांगायला सुरुवात केली होती, याची नोंद घ्यायला हवी. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. एकसष्ट दिवस कमाई नाही, कारण मासे विणीला आलेले असतात. या एकसष्ट दिवसांत किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांच्या पंपांना कसलीही बंदी नसते. ज्या पाण्यात जाळे टाकणे गुन्हा आहे, त्या पाण्यात पंपाचे तोंड उघडे असते. एकाला १३५ मिलिमीटरांचा नियम आणि दुसऱ्याला तीन मिलिमीटरच्या पिलाबद्दल एकही प्रश्न नाही, हा फरक कुठल्याही मत्स्यशास्त्राने समजावून सांगता येत नाही.

यावर पहिला आक्षेप मोठा आणि प्रामाणिक आहे. रोहूची मादी वजनाच्या दर किलोला दोन-तीन लाख अंडी देते. त्यातली बहुसंख्य तशीही मरतात. पंपाने त्यातली काही आणखी मारली तर काय बिघडले? उत्तर असे की निसर्गातल्या मृत्यूंची गणिते माशांनी लाखो वर्षांत जुळवून घेतलेली आहेत, पंपाची नाहीत. साप, बगळा, मोठा मासा हे पिल्ले खातात आणि त्यांच्यामार्फत ते अन्न त्याच पाण्यात फिरत राहते. पंपातून मेलेले मात्र हंगामात रोज, रात्रंदिवस, एका जागी आणि सगळ्या जातींचे मिळून मरतात. एका केंद्राने फरक पडत नाही हे क्षणभर मानले, तरी एकाच नदीवर किंवा एकाच किनारपट्टीवर चार केंद्रे असतील तर प्रत्येक जण आपला तोटा किरकोळ म्हणतो आणि बेरीज कोणीच करत नाही. आणि मासा जर आधीच अति मासेमारीने, धरणांनी, सांडपाण्याने मेटाकुटीला आला असेल, तर उरलेल्यांना खाणे जास्त मिळून भरपाई होते या युक्तिवादाचा आधारच जातो. भरपाईसाठी भरपूर मासा आधी असावा लागतो.

दुसरा आक्षेप विदर्भातल्या वाचकाला लगेच सुचेल. आपल्या तलावांत मासा आपोआप होत नाही, तो टाकला जातो. मत्स्यव्यवसाय विभाग जलाशय ठेक्याने देतो, भोई-ढीवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था हॅचरीतून मत्स्यबीज किंवा बोटुकली विकत आणून सोडतात. दिग्रसजवळचे अरुणावती धरण असो की कारंज्याकडचे अडाण धरण, हाच क्रम. १९५७मध्ये कटकला हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवली, तेव्हापासून बियाण्यासाठी नदीवर अवलंबून राहणे हळूहळू संपत गेले. मग नदीतल्या पिलांची चिंता कशाला? चिंता अशासाठी की हॅचरीतून येतात ते कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस आणि आणखी काही. वाम, शिंगाडा, नदीतला झिंगा, छोट्या रंगीत मासळीच्या कितीतरी जाती कोणी विकत घेऊन सोडत नाही. गरिबाच्या ताटात कालवणाला येते ते पुष्कळदा हेच. शिवाय हॅचरीचे मासे पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विणत राहिले तर वाण कमजोर होतो, आणि तो सुधारायला नदीतला ताजा मासा लागतो. आणि साधी गोष्ट, जी बोटुकली संस्थेने कर्ज काढून सोडली ती जर जलाशयातल्या उपशाच्या जाळीला चिकटून मेली, तर तो तोटा संस्थेचा होतो, उपसा करणाऱ्याच्या खात्यावर तो कधीच चढत नाही.

तरीही विदर्भापुरते बोलायचे तर पंपाच्या तोंडापेक्षा जास्त नुकसान मला आधीच्या एका टप्प्यावर दिसते. आपल्या नद्यांतला मासा उन्हाळा डोहांत काढतो. मृगाचा पाऊस पडून पूर आला की डोहांतले मोठे मासे वर चढतात आणि वाहत्या, गढूळ पाण्यात अंडी घालतात. कार्पची अंडी सव्वीस ते एकतीस अंशांच्या पाण्यात अर्ध्या-पाऊण दिवसात फुटतात आणि जिरे प्रवाहाबरोबर काठच्या उथळ पाण्यात पसरते. एप्रिल-मेमध्ये डोहच आटला तर जून येईपर्यंत विणायला कोणी उरत नाही. शीतक मनोरे पाणी कमी ओढतात हे खरे, पण ओढलेल्यातले बरेचसे वाफ करून उडवतात. दर युनिटामागे कायमचे खर्च होणारे पाणी एकदाच फिरवण्याच्या रीतीपेक्षा मनोऱ्यांत दुपटीहून अधिक असते. म्हणजे मनोरा पिल्ले वाचवतो आणि त्याच वेळी आईबापांचा डोह लहान करतो. पाणी आटले की वीजही अडते, हे परळीने दाखवले. २०१३च्या दुष्काळात ते केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. नांदगावपेठच्या केंद्रासाठी अप्पर वर्धाचे पाणी देण्यावरून शेतकरी रस्त्यावर आले, आणि तेव्हा वाद शेती विरुद्ध वीज असा मांडला गेला. नदीला त्यात पक्षकार म्हणून जागा नव्हती.

तिसरा आक्षेप विजेच्या गरजेचा. दारव्ह्याचा शेतकरी रात्री दोन वाजता पाणी द्यायला शेतात जातो, त्याला मासे वाचवण्यासाठी वीजकेंद्र बंद करा असे कोणी सांगू नये. मीही सांगत नाही. पण पर्याय बंद आणि चालू एवढेच नाहीत. पाणी ओढण्याचे तोंड रुंद केले की वेग कमी होतो आणि बोटुकली निसटू शकते. एक-दोन मिलिमीटर फटीच्या तारेच्या नळकांडी जाळ्या बाहेर वापरात आहेत. त्यांच्यावर शेवाळ आणि गाळ बसतो, त्या साफ ठेवाव्या लागतात, खर्च येतो, हे सगळे खरे आहे, आणि आपल्या पावसाळी गढूळ पाण्यात त्या किती टिकतील हे करून पाहावे लागेल. केंद्राची वार्षिक दुरुस्ती तर करावीच लागते. ती मागणी उतरलेल्या पावसाळ्यात ठेवण्याची पद्धत आहेच, तिच्या तारखा ठरवताना विणीचे आठवडेही पाहता येतात. हडसनवर नेमके हेच केले गेले.

आणि विदर्भात याहून चांगला पर्याय प्रत्यक्ष चालू आहे. नागपूर महापालिका आणि महानिर्मिती यांच्या कराराने भांडेवाडीचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला पुरवले जाते. पहिल्या टप्प्यातली क्षमता दिवसाला तेरा कोटी लिटरांची होती. या पाण्यात मत्स्यजिरे नसते, त्यासाठी कुठला डोह आटत नाही, आणि नाग नदीतून खाली गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाणारी घाण तेवढी कमी होते. जानेवारी २०१६च्या केंद्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले आहे. हा नियम माशांसाठी केलेला नाही, पण माशांच्या बाजूने याच्याइतका उपयोगी दुसरा नियम आज आपल्याकडे नाही. तो राज्यात काटेकोर पाळला गेला तर नदीतला उपसा कितीतरी कमी होईल. दिवसा सौर विजेवर कृषिपंप चालवण्याच्या योजनाही याच दिशेच्या आहेत. सौर पॅनेलला धुण्यापुरते पाणी लागते, कंडेन्सर नसतो.

राहता राहिला समुद्र, जिथे मनोरे सक्तीचे नाहीत आणि सांडपाण्याचा पर्याय प्रचंड उपशाला पुरणार नाही. तिथे आधी मोजणी हवी. केंद्राला चालू राहण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ठरावीक मुदतीने पुन्हा घ्यावी लागते. त्या संमतीपत्रात पाणी सोडण्याच्या तोंडाशी तापमान मोजण्याची अट असते, तशीच पाणी ओढण्याच्या तोंडाशी जीव मोजण्याची अट घालायला नवा कायदा लागत नाही. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला, दिवसा आणि रात्री, बारीक जाळीतून ठरावीक घनमीटर पाणी गाळायचे, मिळालेली अंडी आणि पिल्ले जातवार मोजायची, जाळीला चिकटलेल्यांचे वजन करायचे आणि आकडे मराठीत जाहीर करायचे. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेपासून नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयापर्यंत हे काम करू शकणारी माणसे राज्यात आहेत. चंद्रपूरला इरई धरण वीजकेंद्राचेच असल्याने तिथे सुरुवात सर्वांत सोपी आहे, कुणाची परवानगी मागावी लागत नाही. आकडे लहान निघाले तर विदर्भातला प्रश्न डोहांचा आहे, जाळ्यांचा नाही, हे निश्चित होईल आणि तेवढा पैसा उन्हाळ्यात नदीत पाणी ठेवण्याकडे वळवता येईल. तारापूरला आणि डहाणूच्या खाडीवरच्या वीजकेंद्रात ते मोठे निघाले, तर सातपाटीच्या कोळ्याने जून-जुलैत नौका किनाऱ्याला का लावायची आणि पंपाने का थांबायचे नाही, याचे उत्तर सरकारला आकड्यांसह द्यावे लागेल.